बोट झाली की बोलू

आमचे घरमालक माणिक सर नोकरीभर चित्रकला शिकवत होते. चित्रकलेत कुणाला नापास करायची पद्धत नसते. वाघाचं मांजर झालं तरी पोरगं पुढच्या वर्गात जातं. मला वाटतं, नापास करायची ती राहून गेलेली हौस सर आता मोटरींवर भागवून घेतात.

मोटर म्हणजे विहिरीवरची नव्हे. सरांची मोटर मुठीत मावते. तिला दोन वायरी असतात आणि पुढं एक बारीक दांडी. सर आधी ती दांडी बोटांनी फिरवून बघतात. मग बॅटरी लावतात, मोटर कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. त्या वेळी घरात कुणी बोललेलं, शिंकलेलं, कुकरची शिट्टी झालेली चालत नाही. थोड्या वेळानं डोळे उघडून ते निकाल सांगतात, "नापास." मोटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडते. डब्यावर ऑइलपेंटनं, अतिशय सुंदर अक्षरात, 'नापास' लिहिलेलं आहे. शेजारी 'पास' लिहिलेला एक लहान डबा आहे. त्यात वैशालीताई सुया आणि बटणं ठेवतात, कारण तो कायम रिकामाच होता.

मोठ्या माणसाबद्दल रागानं लिहू नये हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नांदेड जिल्ह्यातल्या, हिमायतनगरजवळच्या आमच्या गावातून लातूरला आलो तेव्हा बापूंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, "घरमालकाला उलटून बोलू नको." तेव्हापासून मी सरांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो, बी.एस्सी. करतो आणि उलटून बोलत नाही. पण न बोललेला राग कुठंतरी ठेवावा लागतो. तो इथं ठेवतो आहे.

सरांनी एक बोट केली आहे. हातभर लांब, लाल-पांढरी, रिमोटवर चालणारी. शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेले असताना त्यांनी बंदरात आग विझवणारी बोट बघितली होती. तिच्या टपावरून पाण्याचा फवारा लांबवर पडत होता. तो फवारा त्यांच्या डोळ्यांत जो बसला तो बसलाच. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लायवूड कापून, घासून, रंगवून हुबेहूब तशी बोट केली. कठडे, शिड्या, दोरखंडांची वेटोळी, सगळं आहे. आणि ही बोट चालते आमच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात. नळाला पाणी कधी येईल याचा लातूरला भरवसा नसतो, म्हणून घरोघर हौद असतात. आमच्या हौदातल्या पाण्यावर बोट आधी चालते, मग त्यातच आमची धुणी-भांडी होतात.

बोट चालवणारी मोटर सरांना पहिल्याच झटक्यात मिळाली. अडलं ते पंपापाशी. टपावरच्या नळीतून पाणी फेकायला आत एक छोटा पंप आहे, आणि तो फिरवायला मोटर पाहिजे. सरांच्या अटी तीन. पाणी हौदाच्या पलीकडच्या भिंतीला लागलं पाहिजे. मोटर तापता कामा नये. आणि एवढं करून बॅटरीत बोट काठाला परत येईल इतका जीव उरला पाहिजे.

"जाताना सगळेच जातात," सर म्हणायचे. "माघारी यायचं कसं, ते आधी बघावं लागतं."

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाची हौस आहे, करू दे की. तुझं काय जातं? माझं काहीच जात नव्हतं. वैशालीताईंचं जात होतं.

ताई म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. दवाखान्याखालच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत. ताईंची आई जाऊन बरीच वर्षं झाली. ताईंचं एक लग्न झालं होतं, निलंग्याकडच्या मोठ्या बागायतदाराच्या घरात. ते मोडलं आणि त्या माघारी आल्या. आता नांदेडचे प्रकाश नावाचे गृहस्थ त्यांना मागणी घालत होते. ताईंच्या मैत्रिणीचे चुलतभाऊ. चष्म्याचं छोटं दुकान. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. ताईंच्या मनात होतं. त्या गुणगुणत भाकरी थापायला लागल्या होत्या, यावरून मलाही कळत होतं.

पहिल्यांदा प्रकाशभाऊ आले तेव्हा मी तिथंच होतो. सर बोटीचा कठडा घासत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "गाव?"

"नांदेड."

"अजून एक नांदेड," सर माझ्याकडं बघून म्हणाले. मला ते नावानं हाक मारतच नाहीत. 'ए नांदेड' म्हणतात. लातूर मोठं का नांदेड मोठं हे भांडण आमच्याकडं दोन पानटपऱ्यांवरही चालतं, मग एका घरात का चालू नये? मी जिन्यावरून 'सर, येऊन राहिलो' असं ओरडलो की खालून उत्तर येतं, "आधी ये, मग राहा."

प्रकाशभाऊंनी चहा घेतला. बोटीकडं बघितलं. मग अंग चोरून, हळूच म्हणाले, "सर, आमच्या विषयाचं..."

"बोलू की," सर म्हणाले. "बोट झाली की बोलू."

त्या वेळी आम्हा सगळ्यांना वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. पंपाला मोटर तेवढी बसवायची राहिली होती. मी तर मनातल्या मनात ताईंच्या लग्नात वाढायलाही लागलो होतो.

पहिली मोटर आली खेळण्यातल्या गाडीची. कानाशी धरल्यावर डासासारखी गुणगुणली. पंपाला जोडली आणि धाप लागून थांबली. सर म्हणाले, "निस्ती पळती, ओढत न्हाई. नापास." दुसरी आली मोटारगाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारायच्या पंपाची. तिनं फवारा असा मारला की मी टाळ्या वाजवल्या. पण सर मोटरीला हात लावून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी हात झटकला. "ही घटकाभराची पाव्हणी हाय. चार चिळकांड्या मारायला ठीक. संसाराला न्हाई. नापास."

मग आम्ही गंजगोलाईतल्या एका दुकानात गेलो. आपल्याकडं मोटरीच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. दुकानदारानं तो विचारला, "किती एच.पी.ची देऊ सर?"

"एच.पी. न्हाई. बारीक पाहिजे."

"मजले किती हाईत घराला?"

"घराला न्हाई लावायची. बोटीला लावायची."

"बोटीला?" दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. "सर, लातुरात?"

झालं. "हाव, लातुरात!" सरांचा आवाज दुकानाबाहेर गेला. "लातूरच्या माणसानं बोट करू नये असा कायदा हाय का?"

"तसं न्हाई सर, पण पाणी..."

"पाण्याचं मी बघतो. तुम्ही मोटरचं बघा. अन् आधी इचारा, लागतं किती? गिऱ्हाईक आलं की तुम्ही सांगायलाव, हाय किती! लागतं किती ते कुणी इचारतंय का?"

दुकानदार बिचारा समजुतीनं म्हणाला, "मग मोठीच न्या की सर. जास्त असलेलं बरं."

हे तीन शब्द सरांपुढं कुणी बोलू नयेत. 'जास्त असलेलं बरं' ऐकलं की ते पांढरे पडतात. त्यांनी छत्री उचलली आणि सरळ बाहेर पडले. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच दुकानदार होतो.

आता मी जे केलं ते आमच्याकडच्या कुणीही केलं असतं. शेतावर मोटर घेताना आमचे बापू, चुलते, सगळं गाव एकच हिशोब करतं. तीनची लागत असेल तर पाचची घ्यावी. शेजाऱ्यानं पाचची घेतली असेल तर साडेसातची घ्यावी. पाणी खालीखालीच चाललंय, मोठी मोटर असली की धीर राहतो. मी त्याच धीरानं भंगारवाल्याकडून बॅटरीवर चालणाऱ्या एका ड्रिल मशीनची मोटर आणली. वजनदार, मुठीबाहेर येणारी. सर औषध आणायला गेले होते. म्हटलं, ते यायच्या आत बसवून टाकावी आणि ताईंचं लग्न जमवून टाकावं.

बसवली. बोट हौदात सोडली. सर फाटकातून आत येत होते तेव्हाच मी रिमोटचं बटण दाबलं.

पाणी पलीकडच्या भिंतीला लागलं नाही. ते भिंतीवरून गेलं. शेजारच्या काकूंनी गच्चीच्या पायऱ्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या, तिथं जाऊन पडलं. काकू ओरडल्या. मी घाबरून रिमोट उलटसुलट फिरवला, तर बोट ऐकेना. ती गोल गोल फिरली, हौदाच्या भिंतीला धडकली, पुढचा कठडा तुटला, आणि मग सगळंच बंद पडलं. बॅटरी हात लावू देत नव्हती इतकी तापली होती.

"अगं वैशाले, तुझ्या बापाला सांग," भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "प्यायला पाणी न्हाई अन् ह्यांची आगबोट माझ्या कुरडया विझवायली!"

ताई दारात उभ्या राहून हसत होत्या. मलाही हसू यायला लागलं होतं. सर हसले नाहीत. त्यांनी बोट उचलली, तिच्यातलं पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "कळलं का काय झालं? सगळा करंट एकटीनं खाल्ला. रिमोटचं ऐकणाऱ्या यंत्राला उरलाच न्हाई. मग बोट ऐकणार कशी? घरात एकच एवढं मोठं आणून ठेवलं की बाकीच्यांनी जगायचं कशावर?"

ताईंचं हसणं थांबलं. त्या आत गेल्या. सरांनी त्या दाराकडं बघितलं आणि बोट खाली ठेवून दिली. मला तेव्हा वाटलं, कुरडयांचं वाईट वाटलं असेल.

दर रविवारी प्रकाशभाऊ नांदेडहून एस.टी.नं यायचे. येताना कधी मोसंबी, कधी नुसताच पेपर. ते बसायचे, बोट बघायचे, सरांचा चष्मा नीट करून द्यायचे. दुपारच्या गाडीनं परत जायचे. सरांचं उत्तर ठरलेलं. गल्लीत पोरंसोरंही विचारायला लागली, "सर, बोट कवा पाण्यात?" ताईंच्या दुकानातल्या बाया तर सरळ ताईंनाच विचारायच्या. ताई हसून औषधाची पट्टी कापून द्यायच्या. मला मात्र हसू येईना. एक मुलगी दोन वायरींच्या मोटरीपायी अडून बसली आहे, आणि बाप डोळे मिटून मोटरीचं गाणं ऐकतो आहे! मी जिन्यात एकटाच सरांना खूप काही सुनावायचो. खाली आलो की विचारायचो, "सर, दूध आणू का?"

मग एका रविवारी प्रकाशभाऊंनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "सर, ही बघता का?" चष्म्याचं भिंग घासताना त्याच्यावर सतत पाणी पडावं लागतं, नाहीतर भिंग तापून तडकतं. त्यासाठी त्यांनी दुकानातल्या जुन्या यंत्राला एक लहान मोटर बसवली होती. नवीन यंत्र आल्यावर ती काढून ठेवलेली. "लई जोर न्हाई तिच्यात," ते म्हणाले. "पण दुकान उघडल्यापासून बंद करेस्तोवर चालायची. कधी तापली न्हाई."

सरांनी ती कानाशी धरली. डोळे मिटले. या खेपेला ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात धरून उभ्या होत्या.

"पाण्यात बघू," सर म्हणाले. हे याआधी त्यांनी कुठल्याच मोटरीला म्हटलं नव्हतं.

त्यांनी ती स्वतः बसवली, आत बसून, दार लोटून. संध्याकाळी बोट हौदात सोडली. प्रकाशभाऊंनी त्या दिवशी गाडी चुकवली होती. बटण दाबलं. मोटर फिरत होती, आवाज अगदी स्वच्छ येत होता. पण टपावरच्या नळीतून पाणी येईना. एक थेंब नाही.

"बघा," सर म्हणाले. "न्हाई जमत. नापास." आणि बोट उचलून आत घेऊन गेले. प्रकाशभाऊंनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मला त्या घडीचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर झोपले होते. मी बोट अंगणात आणली. मोटर फिरते आणि पाणी येत नाही, हे दुखणं आमच्याकडं जन्मापासून बघितलेलं असतं. मोटरीनं हवा धरली असं म्हणतात. मग बापू काय करतात? पंपात तांब्यानं पाणी भरतात, आणि तरीही आलं नाही तर पाइपाला तोंड लावून फुंकतात. बेडूक अडकला असेल तर कळतं. मी तांब्यानं पाणी भरलं. आलं नाही. मी टपावरच्या नळीला तोंड लावून फुंकलं. फुंकर आत जाईना. 'पास'च्या डब्यातली सुई आणून नळीत घातली, तर टोकाला मेण लागून आलं.

पिवळं मेण. सर बोटीवरच्या माणसांचे पुतळे करतात ते.

मी तिथं हौदाच्या काठावर बसलो. आधी वाटलं चुकून पडलं असेल. पण नळीच्या तोंडात, बरोबर आतल्या अंगाला, बोळा दाबून बसवलेला होता. चित्रकलेच्या शिक्षकाचं काम. बाहेरून दिसणारसुद्धा नाही.

सर उठून बाहेर आले. माझ्या हातातली सुई बघितली. खोटं बोलले नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. समोरच्या पायरीवर बसले.

"वैशालीला सांगितलंस?"

"न्हाई."

"तू कधी घर बघायला गेलायस का? मुलगी द्यायची म्हणून?"

"न्हाई सर."

"मी गेलतो. निलंग्याकडं. घरातली सगळी मोठी माणसं घेऊन गेलतो. त्यांनी आम्हाला शेतात नेलं. तीन विहिरी. तीन मोटरी, साडेसातच्या. पाव्हणे आले म्हणून तिन्ही एकदम चालू केल्या. काय पाणी पडलं, नांदेड! लातूरचा माणूस मी, तांब्यानं अंघोळ केलेला. पाटातून पाणी असं चाललेलं की डोळं भरून आलं. बांधावर उभा राहून मी मोटरी मोजल्या, अन् घरी येऊन सांगितलं, जास्त असलेलं बरं. पोरीनं इचारलं, बाबा, माणूस कसा हाय? मला सांगता येईना. मी त्याच्याकडं बघितलंच न्हवतं. मी पाण्याकडं बघत होतो."

मी सुईला लागलेलं मेण चिमटीत घेऊन त्याची गोळी वळत होतो.

"माघारी आली तेव्हा हातात एक पिशवी. रिक्षातून उतरली. मला वाटलं रडंल. तर म्हणाली, बाबा, चहा करते, दोघं घेऊ. त्या घरात तिला कुणी बसून चहा पिऊ दिला न्हवता म्हणं. एवढं पाणी, अन् पोरीला कपभर चहा न्हाई." त्यांनी मेणाची गोळी माझ्या हातातून घेतली आणि बोटांत फिरवत बसले. "परत चुकलं तर? ह्या खेपेला माघारी यायला तिच्यात जीव उरंल का?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. बापूंनी तसं सांगितलं होतं. पण आधीचा सगळा साठलेला राग एकदम वर आला आणि माझा आवाज माझाच मला ओळखू येईना.

"पण सर, तुम्ही ह्या माणसाकडं तरी बघितलं का? दर रविवारी येऊन समोर बसून राहिला तो! तुम्ही परत मोटरच बघून राहिलात!"

सर माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जा. अभ्यास कर." मी वर गेलो आणि अभ्यासाऐवजी पेटी भरली. खोली गेली असंच मी धरून चाललो होतो.

खोली गेली नाही. रविवारी सकाळी खालून हाक आली, "ए नांदेड, खाली ये!"

प्रकाशभाऊ बसले होते. समोर बोट नव्हती. सर खुर्ची अगदी जवळ ओढून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, मोटरीची दांडी बघतात तसं. प्रकाशभाऊंना घाम फुटला होता. मला वाटलं, आता कानाशी धरतात की काय.

"घरी मोटर किती एच.पी.ची हाय?" सरांनी विचारलं.

"मोटर न्हाई सर. नळाला येतं. पिंप भरून ठेवतो."

"पुरतं?"

प्रकाशभाऊंनी विचार केला. या माणसाचं मला हेच आवडतं, साध्या प्रश्नालाही विचार करतो. "एकट्याला पुरून उरतं," ते म्हणाले. "दोघांना बेताबेतानं पुरंल."

"बेताबेतानं," सर स्वतःशी म्हणाले. "चहा कोण करतं?"

"मीच. दोनदा लागतो मला. बसून प्यायला लागतो."

सर उठले. आतून बोट आणली. 'पास'च्या डब्यातून सुई काढली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत, जराही न लाजता, नळीतलं मेण उकरून काढलं. बहुतेक माझ्यानंतर पुन्हा घातलं होतं. माणसाची सवय.

बोट हौदात सोडली. पाणी आलं. बारीक धार, काही फार मोठी नाही, पण सरळ गेली आणि पलीकडच्या भिंतीला टेकली. बराच वेळ पडत राहिली. मग सरांनी रिमोट फिरवला आणि बोट वळून काठाला आली. सरांनी मोटरीला हात लावला. थंड होती.

"बाबा," ताई मागून म्हणाल्या, "मेणाचं मला माहीत होतं."

"काय?"

"ह्या आठवड्यात माझ्या सुया रोज मेणकटलेल्या निघायल्या होत्या. दोन येळा तर मीच बोळा काढून टाकला. तुम्ही परत घालायलाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हटलं, बोट झाली की बोलू."

प्रकाशभाऊ आधी हसले. मग सगळेच. भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "काय झालं गं?" आणि सरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना गोड आवाजात उत्तर दिलं, "काही न्हाई वहिनी. कुरडया आत घ्या, पाव्हणे येणार हाईत."

लग्न साधंच झालं. मी ठरवल्याप्रमाणे वाढलं. मठ्ठा माझ्याकडं होता.

नंतर मी सुट्टीला गावी निघालो तर सरांनी बोट वाकळेत गुंडाळून माझ्या हातात दिली. नांदेडला उतरून ताईंकडं पोचवायची. "तिकडं नदी हाय," म्हणाले. "हौदात वळायलासुद्धा जागा न्हाई हिला." मला सोडायला बसस्थानकावर आले. पिशवी दोनदा उघडून बघितली, बॅटरी आहे का, चार्जर आहे का. खिडकीशी उभं राहून सांगत राहिले, "फुल्ल चालवू नका म्हणावं. पाण्यातून काढली की पुसून ठेवा म्हणावं." गाडी हलली तरी बरोबर चालत होते. "अन् पुरतंय का म्हणावं. कळवत जा म्हणावं."

अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. ताईंच्या घरी वाकळ सोडली. बोट होती. बॅटरी होती. चार्जर होता. रिमोट नव्हता.

मी पिशवी उलटी करून झटकली. मला आठवत होतं, खोलीतून निघताना मी रिमोट स्वतः पिशवीत घातला होता. मग बसस्थानकावर सरांनी पिशवी दोनदा उघडली होती. मी फोन लावला.

"रिमोट?" सर आधीच चिडलेले होते. "माझ्याजवळ हाय. मी बोट पाठवतो म्हणालो. रिमोट पाठवतो म्हणालो का?"

"पण सर, रिमोटशिवाय बोट चालणार कशी?"

"मग यावं की घ्यायला. दोघांनी यावं. रविवारी यावं. सकाळच्याच गाडीनं या म्हणावं, म्हणजे जेवून जाता येईल. तुम्ही नांदेडवाले, एक वस्तू नीट न्यायची अक्कल न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. काहीतरी सणसणीत बोलणार होतो, पण ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "येतो बाबा," म्हणाल्या. "शेंगदाण्याची चटणी करून ठेवतो म्हणाल तर नको, मीच करते आल्यावर." फोन ठेवून त्यांनी बोट मांडीवर घेतली आणि पदरानं तिचा कठडा पुसायला लागल्या. ड्रिलच्या मोटरीनं तुटलेला तोच कठडा. सरांनी नवा करून बसवला होता.

"चिडू नको," ताई मला म्हणाल्या. "चार्जर संगं न्यावा लागंल. बॅटरी भरून बघतो म्हणतील. मग रिमोट देतील अन् चार्जर ठेवून घेतील बघ."

तसंच झालं. चार्जर अजून लातूरलाच आहे.